सुटलेला ‘ला’

सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. फळ्यावरचे उतरवून घेताना ती हमखास एखादा नुक्ता गाळायची किंवा भलतीकडे द्यायची. ‘खुदा’ लिहिताना वरचा नुक्ता खाली गेला की ‘जुदा’ होतो, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मीही तिला ते रागावून ऐकवले. दोन-चारदा ऐकून घेतल्यावर ती हळूच म्हणाली, “बाजी, बोर्डपरका दिखताच नई.”

चष्म्याला नऊशे रुपये लागणार होते. तिचे वडील हमालीला जात. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणे मला जमण्यासारखे नव्हते. घरी बोरू होता, शाई होती. मी एक ‘बिस्मिल्लाह’ लिहिली, चौकट करून घेतली आणि शेजारच्या खालाजानना दाखवली. त्यांनी खर्च वगळून तीनशे रुपये हातावर ठेवले. अशा तीन ‘बिस्मिल्लाह’ झाल्या आणि मुलीला चष्मा आला. पुढे वह्या, दहावीच्या परीक्षेची फी, एकीचे दप्तर असे वाढत गेले. एका वहीत डावीकडे काय आले आणि उजवीकडे काय गेले ते लिहायचे. कागद, काच आणि चौकट यांचे पैसे वळते करायचे, माझ्या हाताचे काही नाही. एवढाच माझा धंदा.

हात घडवला तो मामूंनी. ते सोलापुरात कातिब होते. लग्नपत्रिका, मुशायऱ्यांची पोस्टरे, मदरशांची पावतीपुस्तके यांवर त्यांचे घर चालायचे. 1994 साली संगणकावर ‘इनपेज’ आले आणि काही वर्षांत कातिबांचे काम गेले. मामूंनी त्याबद्दल कधी कुरकूर केली नाही, पण संगणकावरची पत्रिका हातात आली की ती उलटी ठेवत. बोरूला तिरपा कत कसा द्यायचा हे त्यांच्याकडेच शिकले. अक्षर नुक्त्यांनी मोजायचे असते. नस्तालीकमधला अलिफ तीन नुक्त्यांचा, सुलुसमधला सात. वझू करून बसायचे, ओळ पुरी होईपर्यंत बोलायचे नाही. आणि लिहून झाले की उलट्या बाजूने, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे, तपासायचे. डोळा सुलटा चालला की पाठ असलेलेच वाचतो, लिहिलेले वाचत नाही.

ही शेवटची गोष्ट मी पुढे विसरले.

सुरुवातीला मला छळत होता तो पैशाचा प्रश्न. कुरआन शरीफ घेताना आपण किंमत विचारत नाही, हदिया विचारतो. मग आयतीच्या चौकटीवर तीनशे रुपयांची चिठ्ठी कशी लावायची? मी हदियाच म्हणत होते, तरी एक गृहस्थ म्हणालेच, “दीडशेला द्या, आमची भिंत लहान आहे.” हसू आले आणि वाईटही वाटले.

वर्गाला घेऊन किल्ल्यात गेले की याचा विचार हटकून यायचा. बोरी नदी अडवून बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात आपला पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातला, 1613 चा. आत फारसी शिलालेख आहे. मुले त्यातली उर्दूसारखी अक्षरे ओळखायच्या पैजा लावतात. याच इब्राहिमाने ‘किताब-ए-नौरस’ची देखणी प्रत करणाऱ्या खलीलुल्लाह या खुशनवीसाला ‘पादशाह-ए-कलम’ असा किताब दिला होता. म्हणजे लिहिणाऱ्याचा मोबदला दरबारानेही हलका मानला नाही. दुसरे टोक खुलताबादला. औरंगजेबाच्या कारभाराविषयी बोलायची ही जागा नव्हे. पण त्याच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या वसीयतनाम्यात दोन रकमा आहेत. टोप्या शिवून मिळालेले चार रुपये दोन आणे कफनासाठी, आणि कुरआनच्या नकला करून मिळालेले तीनशे पाच रुपये फकिरांना वाटण्यासाठी. लिहिण्याचा पैसा स्वतःच्या कफनालाही लावायचा नाही! आपल्या काळातले उदाहरण द्यायचे तर हैदराबादचे अनिलकुमार चौहान. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता ते उर्दू शिकले आणि शंभरावर मशिदींत त्यांनी आयती लिहिल्या, त्यांतल्या कितीतरी मोबदला न घेता. माझी वही मला या माणसांच्या जवळपास नेते असे वाटू लागले. आता लिहिताना कळते, ते समाधान नव्हते, थोडी ऐटच होती.

2022 च्या रमजानमध्ये मागणी वाढली. सगळ्यांना आयतुल कुर्सीच हवी होती आणि हाताने एक लिहायला मला आठवडा लागायचा. मग एकच मन लावून लिहिली आणि सोलापुरात कॅनव्हासवर पंचवीस प्रती छापून आणल्या. खर्च वजा जाता साडेसात हजार उरले. वर्षभरात वहीची डावी बाजू एवढी कधी भरली नव्हती.

ईदला मामू आले. शेजारी शीरखुर्मा घ्यायला गेलो तर तिथे भिंतीवर माझी चौकट. मामू जाड चष्मा सावरत समोर उभे राहिले आणि बोट उलटे चालवू लागले, शेवटाकडून. वरच्या ओळींपाशी बोट थांबले. “बेटा, यहाँ एक ‘ला’ कम है.”

अल्लाहला डुलकी येत नाही आणि झोपही येत नाही, असे सांगणारी ती जागा. त्यात नकाराचा ‘ला’ दोनदा येतो. दुसरा सुटला होता. हातातला शीरखुर्मा तसाच राहिला. लामअलिफ, दोनच अक्षरे. रोज मुलींच्या वहीत ज्याला मी लाल गोल करते तेच.

मौलानांना विचारले. ते म्हणाले, “अर्थ लागेल हो, पण कलाम असा नाही.” वर्गात अशा उत्तराला मी अर्धा गुण देते. इथे अर्धा गुण नव्हता.

वहीत नावे होती म्हणून बरे. शाळा सुटल्यावर नळदुर्गातली घरे, मग अणदूर, जळकोट, तुळजापूर, सुट्टीत सोलापूर आणि उमरगा. काय सांगायचे ते तोंडात घोळवत जायचे. एक आजी चौकट काढू देईनात. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणाल्या, “मी रोज तिच्याकडे बघून पढते, तोंडून तर बरोबर जातं ना?” त्यांना मी काय उत्तर देणार! पुढच्या जुम्म्याला हाताने लिहिलेली घेऊन गेले तेव्हा त्यांनी जुनी दिली. एका घरात मात्र तोंडावर ऐकावे लागले, “शिकलेल्या बाईकडून अशी चूक?” बरोबरच होते ते. पैसे परत घ्यायला फारसे कुणी तयार झाले नाही, म्हणून प्रत्येकाला हाताने लिहून द्यायचे ठरवले. त्यात पुढचे वर्ष-दीड वर्ष गेले. साडेसात हजारांतले बरेच मुलींच्या फीला आधीच गेले होते. मामू म्हणाले, पैसे हलालच आहेत, हात मात्र उसना आहे, तो फेड.

एरवी जुनी पाने वाहत्या पाण्यात ठंडी करतात. पण कॅनव्हास विरघळत नाही. मौलानांच्या सांगण्यावरून कब्रस्तानाच्या भिंतीलगत, जिथे पाय पडत नाही अशा जागी, पांढऱ्या कापडात गुंडाळून ते पुरले. माझ्या मिस्टरांनी खड्डा घेतला. बावीस नग होते.

तीन राहिले. एक लग्नाच्या अहेरात पुण्याला गेला आणि त्या घराने भाड्याचे घर बदलले. दुसरा कुणी कुणाला दिला याचा माग लागेना. तिसऱ्याचे नावच मी वहीत लिहिले नव्हते. ईदच्या गर्दीत कुणीतरी पैसे ठेवून चौकट उचलून नेली.

छापणे तेव्हापासून बंद आहे. वर्षाला फार तर तीस-पस्तीस चौकटी होतात, वहीची डावी बाजू हळूहळू भरते आणि एखादीची फी कधी कधी उशिरा जाते. लिहून झालेला कागद त्या चष्मेवाल्या मुलीकडे देते. ती आता बारावीला आहे. तिला मी उलटे वाचायला शिकवले आहे. मागच्या महिन्यात तिने एक जबर माझ्याही नजरेतून सुटलेली दाखवली.

आणि कुणाच्याही घरी गेले की सलाम करायच्या आधी माझी नजर भिंतीवर जाते. खालाजान म्हणतात, “ही बाई माणसांना भेटायला येते की भिंतींना?”