मागच्या दाराची खडखड

चि. भाचीस,


सपाट रस्त्यावर गाडी गप्प असते, पण गतिरोधकावरून तिरकी उतरली की मागून खडखड येते, असं तू लिहिलंस. शिवाय डिकीच्या दाराची डावी फट उजवीपेक्षा रुंद दिसते. जुन्या एसयूव्हींत या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच बिघाडाच्या असतात. दुरुस्तीचा क्रम सांभाळला तर दोन्ही एकदमच मिटतात.

सेडानमध्ये मागच्या सीटमागे पत्र्याचा आडवा आधार असतो. एसयूव्हीत तिथे छतापासून बंपरपर्यंत एकच मोठं भोक. झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका हातात धरला की पिळतो, तसं एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर असताना हे भोक किंचित तिरपं होतं. बिजागऱ्या, लॉक आणि कडेचे रबरी बफर या तिघांनी दार घट्ट धरलेलं असेल, तर ते बॉडीसोबतच हलतं. यातला एक जरी सैल पडला, तर दार आणि बॉडी वेगवेगळी हलू लागतात आणि लॉक कडीवर आपटतं.

जाणता मेकॅनिक पान्याला हात लावण्याआधी डिकी पूर्ण रिकामी करतो. जॅक, टूलकिट, ट्रे, स्टेपनीचा ढिला बोल्ट, सीटच्या पाठीचं लॉक, लोंबणारी बेल्टची बक्कलं: कित्येक गाड्यांचा आवाज इथेच थांबतो. नाही थांबला तर बॉडीवरच्या कडीला, म्हणजे स्ट्रायकरला, कापडी टेपचे एकदोन वेढे देऊन तो त्याच रस्त्यावर फेरी मारतो. आवाज बदलला की संशय लॉकच्या पकडीवर येतो. मग कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ती ओढून पाहायची. सगळीकडे ती सारखी अडकली पाहिजे. जिथून सहज निसटते, तिथे रबर दाबलंच जात नाही.

बाजूला उघडणाऱ्या दारांचं दुखणं वेगळं. 1998 ची पहिली टाटा सफारी, महिंद्रा बोलेरो आणि थार, फोर्ड इकोस्पोर्ट या गाड्यांत स्टेपनी दारावरच टांगलेली. चाकाचं सगळं वजन वर्षानुवर्षं बिजागऱ्यांवर येतं आणि लॉकची बाजू खाली बसते. दार अर्धं उघडून मोकळं टोक हातानं वर उचललं की बिजागरीतला खेळ लगेच जाणवतो. खेळ असेल तर आधी पिन किंवा बिजागरी बदलायला हवी. नुसती कडी खाली सरकवली तर दार लागतं, पण झोळ तसाच राहतो.

तुझ्या गाडीचं दार वर उघडणारं आहे. त्याचा क्रम ठरलेला: आधी बिजागऱ्या, मग स्ट्रायकर, शेवटी बफर. बिजागऱ्यांनी दोन्ही फटी सारख्या करायच्या. त्यांचे बोल्ट पुष्कळ गाड्यांत छताच्या लायनिंगखाली असतात, आणि ते सैल करताना दार धरायला दुसरा माणूस लागतोच. स्ट्रायकरची भोकं मोठी ठेवलेली असतात. मूळ जागेभोवती मार्करनं रेघ ओढायची, बोल्ट थोडेच सैल करायचे आणि एका वेळी जेमतेम मिलिमीटरभर सरकवायचं. कडी आत गेली की दार रबरावर जास्त दाबलं जातं. बफर स्क्रूसारखे फिरणारे असतील, तर दोन्ही बाजूंना सारखेच बाहेर काढायचे. दार लावायला जोर लागू लागला की ते प्रमाणाबाहेर गेले.

हा निव्वळ कानाला होणारा त्रास नाही, हे मला कळकळीनं सांगायचं आहे. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूळ व धूर तिथेच घोटाळतात. रबर बसलं नसेल तर ते आत ओढले जातात. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांमध्ये धुराच्या वासाच्या तक्रारी आल्या आणि 2016 मध्ये तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेनं चौकशी सुरू केली. 2017 मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या पोलिसांनी अशा शेकडो गाड्या रस्त्यावरून काढल्या. त्याच वर्षी कंपनीनं मोफत दुरुस्ती जाहीर केली. तीत एसीच्या प्रोग्रॅममधल्या बदलाबरोबर मागच्या भागाच्या सीलिंगची तपासणीही होती. 2023 मध्ये चौकशी रिकॉलविना बंद झाली. कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण जास्त आढळलेल्या गाड्यांचा माग मागून बसलेल्या धडकेपर्यंत, किंवा पोलिसी सामान बसवताना नीट न बुजवलेल्या भोकांपर्यंत गेला.

म्हणूनच जाड फोम चिकटवून आवाज दाबण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. रबराला साधं ग्रीस किंवा तेलही लावू देऊ नकोस; दारांचं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं आणि खनिज तेलानं ते फुगतं. त्याला सिलिकॉनच चालतं. काम झाल्यावर एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी सोडायचं. थेंबही आत येता कामा नये.

गाडी तू जुनी घेतली आहेस, म्हणून एक तपासणी या सगळ्याच्या आधी कर. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्यात पत्र्याला सुरकुत्या, नवं वेल्डिंग किंवा वेगळ्या छटेचा रंग दिसतो का ते बघ. मागच्या मालकाकडून विम्याच्या क्लेमची कागदपत्रं मागवून घे. धडकेची शंका खरी ठरली, तर बॉडीशॉपमध्ये मागच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मापून घेतल्याशिवाय कुणालाही स्ट्रायकर हलवू देऊ नकोस, आणि तोवर मुलांना तिसऱ्या रांगेत बसवू नकोस.

तुझा,
मामा