वरातीचा हिशोब

‘देस्पासितो’चं यश मोजायला मापं भरपूर आहेत. पोर्तो रिकोच्या लुईस फोन्सी आणि डॅडी यँकीचं हे गाणं जानेवारी २०१७मध्ये आलं. एप्रिलमध्ये जस्टिन बीबरने त्यात आपला आवाज मिसळला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते सलग १६ आठवडे पहिलं राहिलं. मुख्यतः स्पॅनिश असलेलं गाणं तिथवर पोहोचलं ते १९९६च्या ‘माकारेना’नंतर थेट तेव्हाच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात यूट्यूबवर ते ३०० कोटी वेळा पाहून झालं होतं.

या ३०० कोटींत नांदेड-लातूरची पोरंही थोडीफार असणारच. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, फुकटच्या डेटावर गावंच्या गावं यूट्यूबला चिकटली आणि आमच्या ऐकण्याची जगात कुठेतरी नोंद व्हायला लागली. त्याआधीचा कारभार मेमरी कार्डाचा. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या बाजूच्या मोबाइल दुकानांवर ‘गाणे भरून मिळतील’ अशा पाट्या असायच्या. दहा-वीस रुपयांत कार्ड काठोकाठ. दुकानदार मान वर न करता विचारायचा, “जागा उरलीय मामा, अजून काय टाकू?” मामांनी काही सांगायच्या आत ‘हळदी’, ‘डीजे’, ‘जुने हिंदी’ हे फोल्डर आत शिरलेले असत. चोरीचा माल म्हणा हवं तर. पण कुठलं गाणं चाललंय हे त्या माणसाइतकं कुठल्याच कंपनीला कळत नसावं.

‘झिंगाट’ आमच्याकडे पसरलं ते याच वाटेने. २०१६चा तो उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. पाणवठ्यांवर जमावबंदी, दारात रिकाम्या घागरींची रांग. १२ एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांची पहिली पाणीगाडी आली, पाच लाख लिटर घेऊन. आणि २९ एप्रिलला ‘झिंगाट’वाला ‘सैराट’ चित्रपट. प्यायला पाणी नाही आणि नाचायला गाणं मात्र असं, की वरात अर्धा फर्लांग सरकायला तास लागावा. लग्नं साधी झाली, काही पुढे ढकलली. जी झाली त्यात अजय-अतुलचं ‘झिंगाट’ वाजलंच. शंभर कोटींच्या बातम्या चित्रपटाच्या तिकिटांच्या. कार्डांवरून किती ठिकाणी ते गाणं वाजलं, ते कुठल्या वहीत नाही.

‘देस्पासितो’ मी नीट ऐकलं ते नांदेडला, एका वरातीत. पिकअपवर डीजे चढवलेला, बेसने छातीची फासळी हलत होती. गाणं फोन्सीचं, पण खाली कडकडीत हलगी जोडलेली आणि दर अर्ध्या मिनिटाला मिक्स करणाऱ्या डीजेचं नाव मोठ्या आवाजात. मूळ गायकाचं नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, डीजेचं सगळ्यांना. नवरदेवाचे चुलते डोक्याला रुमाल बांधून त्यावर असे काही नाचले, की बीबरने पाहायला हवं होतं. शब्दांवाचून कुणाचं काही अडलं नाही. आपलं ‘झिंगाट’ उत्तरेच्या लग्नांतही असंच नाचलं जातं. तिथे तरी कोण मराठी समजून घेतंय?

गंमत अशी, की या नाचाला कायद्यानेच हिशोबाबाहेर ठेवलंय. धार्मिक समारंभात, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर सोहळेही आले, गाणं वाजवणं म्हणजे हक्कभंग नव्हे, असं १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं. तरीही लग्नांत गाण्यांचे पैसे मागितले जात होते, म्हणून जुलै २०२३मध्ये केंद्र सरकारने ते पुन्हा स्पष्ट केलं. माझ्या मते सरकारने केलेली ही एक रसिक गोष्ट. वरातवाल्यांना अर्थात यातलं काही माहीत नसतं. त्यांची हुज्जत चाललेली असते डीजेवाल्याशी, ठरल्यापेक्षा जास्त झालेल्या तासाचे पैसे कोण देणार यावरून, आणि दहा वाजले म्हणून बंद करायला आलेल्या हवालदाराशी. “साहेब, एकच गाणं. शेवटचं.”