आडनाव मोल्सवर्थ

आमच्या घरी मोल्सवर्थ हा माणूस नव्हता, वस्तू होती. ‘मोल्सवर्थ खाली काढ’, ‘मोल्सवर्थवर ओला हात लावू नकोस’ अशी वाक्यं घरात रोज ऐकू यायची. आजोबा जुने मराठी दस्त इंग्रजीत उतरवून वकिलांना देत. मोडी वाचता येणारी आणि इंग्रजीही लिहिणारी माणसं तेव्हाच कमी होत चालली होती, त्यामुळे त्यांना कामाची ददात नव्हती. एखादा शब्द अडला की चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणायचे, “मोलेसर काय म्हणतो बघ गं.” मग मी तो ठोकळा मांडीवर घेऊन बसायची. पान नऊशेच्या पुढे जाणारं, छपाई बारीक, आणि शब्दाशेजारी कंसात एखादंच इंग्रजी अक्षर. एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी, ए म्हणजे अरबी, एच म्हणजे हिंदुस्थानी. कुठला शब्द कुठून आला हे मला शाळेच्या आधी त्या अक्षरांनी शिकवलं.

गंमत म्हणजे मामाकडेही एक मोल्सवर्थ होता. मामा बांधकाम खात्यात ओव्हरसियर. त्याचा मोल्सवर्थ शर्टाच्या खिशात मावायचा, आणि त्यात तुळया, कमानी, पाण्याचा दाब, रुळांची वळणं यांची सूत्रं दाटीवाटीनं बसवलेली होती. आजोबांचा मोल्सवर्थ दोन्ही हातांनी उचलावा लागे. एकाच नावाची इतकी वेगळी दोन पुस्तकं एका कुटुंबात कशी, हे कोणी सांगितलं नाही. दोघंही साहेब, दोघंही इंग्रज, एवढ्यावर भागत होतं.

पुढे मी पुण्यात मुद्रितशोधक झाले. तिथल्या टेबलावर १९७५ सालचं शुभदा-सारस्वतचं पुनर्मुद्रण होतं, ना. गो. कालेलकरांच्या प्रस्तावनेसह. मोल्सवर्थ हे कुणाचं तरी आडनाव आहे ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा डोक्यात नीट शिरली. जेम्स थॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५, ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी. सोळा-सतरा वर्षांचा असताना हिंदुस्थानात आला, मराठी शिकला, आणि शास्त्री मंडळींच्या साथीनं १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापून मोकळा झाला. मोकळा झाला असं त्याला वाटलं असेल. पुढे मायदेशी गेलेल्या या माणसाला सरकारनं पुन्हा बोलावून घेतलं, आणि १८५७ मध्ये, उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना, मुंबईत सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. साठ हजारांच्या आसपास शब्द. मदतीला जॉर्ज आणि थॉमस हे कँडी बंधू. (मराठीत स्वल्पविराम-पूर्णविराम रुजवण्याचं श्रेय यातल्या थॉमसला देतात. माझा अर्धा पगार त्याच्यामुळेच, असं मी प्रेसमध्ये म्हणत असे.)

मामाचा मोल्सवर्थ निघाला गिल्फर्ड लिंडसे मोल्सवर्थ. जन्म १८२८, मृत्यू १९२५. आधी सिलोनची रेल्वे, मग हिंदुस्थान सरकारचा रेल्वेसाठीचा सल्लागार अभियंता. सूत्रांचं ते खिशातलं पुस्तक त्यानं १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलं आणि त्याच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. म्हणजे एका आडनावाच्या दोन माणसांनी या देशात दोन दणकट पुस्तकं ठेवली, एक शब्दांचं आणि एक आकड्यांचं. स्मिथ किंवा जोन्स असते तर यात नवल नव्हतं. पण मोल्सवर्थ हे इंग्लंडमध्ये कानावर क्वचित पडणारं आडनाव. तिथूनच मला त्याचा नाद लागला.

आणि नाद लागावा असंच ते आहे, कारण त्याला एक गाव आहे. जुन्या हंटिंग्डनशरमध्ये, म्हणजे आताच्या केंब्रिजशरमध्ये, नॉर्थॅम्प्टनशरच्या हद्दीला लागून मोल्सवर्थ नावाचं खेडं आहे. विल्यम राजानं १०८६ साली सगळ्या मुलखाची जमीनमोजणी करवली, त्या डूम्सडे बुकात ते नोंदलेलं आहे. मूल नावाच्या कुणा सॅक्सन माणसाचं कुंपण घातलेलं घरदार, असा त्या नावाचा उगम सांगतात. टॅमवर्थ, वॉन्ड्सवर्थ ही त्याच घराण्यातली गावं. आपल्याकडे अमक्याची वाडी असते, तसंच.

ग्रामनामावरून आडनाव कसं पडतं हे मराठी माणसाला समजवावं लागत नाही. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव चिकटत नाही, गाव सोडणाऱ्याला चिकटतं. तेराव्या-चौदाव्या शतकात जो मोल्सवर्थहून निघून दुसरीकडे स्थिरावला, त्याला तिथले लोक मोल्सवर्थचा म्हणू लागले. पहिल्या एडवर्डच्या काळात वॉल्टर द मोल्सवर्थ नावाचा एक शेरीफ बेडफर्ड आणि बकिंगहॅमच्या कागदांत दिसतो. ते ‘द’ म्हणजे आपलं ‘कर’. १४०० च्या सुमारास इंग्लंडच्या बहुतेक भागांत आडनावं वंशपरंपरेनं चालू लागली, ‘द’ गळून पडला, आणि गाव कधीही न पाहिलेली नातवंडं-पणतवंडं मोल्सवर्थ म्हणून जगू लागली.

सटन किंवा न्यूटन या नावांची गावं इंग्लंडात ढिगानं, म्हणून ती आडनावंही मुबलक. दोन सटनांचा एकमेकांशी काही संबंध असण्याचं कारण नाही. मोल्सवर्थ गाव मात्र एकच, तेही लहानसं. तिथून बाहेर पडणार किती, आणि त्यांतल्या कितींचा वंश टिकणार? दुर्मीळ आडनावाचा फायदा इथेच असतो, त्याचा माग काढता येतो. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची आडनावांशी सांगड घालून पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चाळीस आडनावं होती. निष्कर्ष सरळ होता. आडनाव जितकं दुर्मीळ, तितकी ते लावणारे दोन अनोळखी पुरुष एकाच पूर्वजाचे निघण्याची शक्यता जास्त. स्मिथांच्या बाबतीत ही शक्यता वाटेत भेटलेल्या कुठल्याही दोन माणसांहून फारशी वेगळी नाही.

मोल्सवर्थांच्या वाटेत एक फाटा आहे तो सांगायला हवा. चेशर परगण्यात मोल्ड्सवर्थ नावाचं निराळं गाव आहे. त्यालाही आडनाव फुटलं, आणि जुन्या कारकुनांचं स्पेलिंग हे असं की एक ‘ड’ गाळला काय, घातला काय. तेव्हा उत्तरेकडचं एखादं मोल्सवर्थ कुटुंब मुळात चेशरचं असू शकतं. मुद्रितशोधकाला हे वाचून हळहळ वाटते. एका अक्षरानं माणसाचं गाव बदलतं.

इंग्लंडात लोक या कामाला वाहून घेतात. १९७९ मध्ये तिथे गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज नावाची संस्था निघाली. सभासदानं एक आडनाव घ्यायचं आणि ते जगात जिथे जिथे आढळेल तिथली नोंद गोळा करायची. हाताशी साधनंही आहेत. १५३८ पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायचा हुकूम होता, आणि १८८१ च्या शिरगणतीवरून तर प्रत्येक आडनावाचा नकाशा काढता येतो. गिल्ड निघण्याच्या कितीतरी आधी हेन्री गपी नावाच्या गृहस्थानं परगण्यापरगण्यातल्या शेतकऱ्यांच्या याद्या चाळून १८९० मध्ये आडनावांच्या घरांवर पुस्तक लिहिलं होतं. शेतकरीच का? तर तो जागा सोडत नाही. हा विचार मला फार आवडला.

मोल्सवर्थ मात्र जागा सोडणारेच. एक फांदी एलिझाबेथ राणीच्या काळात पार दुसऱ्या टोकाला, कॉर्नवॉलला गेली आणि बॉडमिनजवळ पेनकॅरो इथे रुजली. त्यांतला हेंडर मोल्सवर्थ जमैकाचा कारभार पाहून आला आणि १६८९ मध्ये बॅरोनेट झाला. त्या काळचा जमैकाचा कारभार म्हणजे ऊस आणि गुलाम, हे वेगळं सांगायला नको. त्याच घराण्यातला विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) मात्र जहाल मतांचा. त्यानं हॉब्ज या तत्त्वज्ञाचं समग्र लेखन संपादून छापलं, कैद्यांना ऑस्ट्रेलियात धाडण्याच्या प्रथेविरुद्ध संसदेत झगडला, आणि शेवटी वसाहतमंत्री झाला तो जेमतेम काही महिन्यांपुरता. चिलीतल्या त्या काटेरी सूचिपर्णी झाडाला इंग्रजीत ‘मंकी पझल’ हे नाव पेनकॅरोच्या बागेत मिळालं असं सांगतात. विल्यमनं १८३४ मध्ये रोप लावलं, तेव्हा एक वकील पाहुणा म्हणाला, यावर चढताना माकडालासुद्धा कोडं पडेल.

याच विल्यममुळे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात एक मोल्सवर्थ गाव आहे आणि वेलिंग्टनला न्यूझीलंडच्या संसदेसमोरून मोल्सवर्थ स्ट्रीट जातो. गावावरून आडनाव पडलं, आडनावावरून पुन्हा गावं पडली.

दुसरी फांदी आयर्लंडला. तिचा मोठा माणूस रॉबर्ट मोल्सवर्थ, १७१६ मध्ये व्हायकाउंट झालेला. डेन्मार्कला वकील म्हणून गेला आणि परत येऊन तिथल्या अनियंत्रित राजसत्तेवर असं पुस्तक लिहिलं की डेन्मार्कचा दरबार खवळला. साउथ सी कंपनीचा फुगा फुटून हजारो लोक बुडाले, तेव्हा यानं पार्लमेंटात सुचवलं की जुन्या रोममध्ये बापाचा खून करणाऱ्याला देत तीच शिक्षा संचालकांना द्यावी, जिवंत पोत्यात शिवून थेम्स नदीत टाकावं. आपल्याकडच्या पतपेढ्या बुडतात तेव्हा मला या गृहस्थाची आठवण येते. त्याचा मुलगा रिचर्ड रामिलीच्या लढाईत, १७०६ साली, ड्यूक ऑफ मार्लबरो घोड्यावरून पडला तेव्हा स्वतःचा घोडा त्याला देऊन त्याचा जीव वाचवणारा.

भाची काही वर्षं डब्लिनला नोकरीला होती. तिच्याकडे गेले तेव्हा मी मोल्सवर्थ स्ट्रीट पायी तुडवला. रस्ता आखूड. डॉसन स्ट्रीटवरून वळलं की समोर लेन्स्टर हाउस, आयर्लंडची संसद. कोपऱ्यावरची पाटी दोन भाषांत, वर आयरिश, खाली इंग्रजी. मी पाटीचा फोटो काढताना भाचीनं विचारलं, “मावशी, एवढं काय आहे त्यात?” तिला मराठी उत्तम येतं, पण कोश तिनं कधी उघडलेला नाही, मोबाइलमध्ये शब्द सापडतो. तोही बऱ्याचदा मोल्सवर्थच्याच कोशातून सापडतो, कारण शिकागो विद्यापीठानं तो आपल्या संकेतस्थळावर खुला ठेवला आहे. हे मी तिला सांगितलं. तिनं लगेच एक शिवी शोधली. सापडली.

मूळ गाव पुढच्या खेपेला पाहिलं. हंटिंग्डनहून केटरिंगकडे जाणारा हमरस्ता सोडून आत वळायचं. सेंट पीटरचं जुनं दगडी चर्च, मोजकी घरं, आणि वरच्या सपाटीवर तारांचं कुंपण. तो लष्करी विमानतळ. दुसऱ्या महायुद्धात इथून अमेरिकन बॉम्बर उडत होते. १९८० च्या दशकात ग्रीनहॅम कॉमननंतर क्रूझ क्षेपणास्त्रांसाठी दुसरी जागा म्हणून हीच नेमली, आणि शांततावाद्यांनी इथे तंबू ठोकले. फेब्रुवारी १९८५ मध्ये सरकारनं एका रात्रीत सैन्य आणून त्यांना उठवलं. संरक्षणमंत्री मायकल हेसेल्टाइन स्वतः हजर होते. इंग्लंडातल्या आज साठी ओलांडलेल्या माणसाला मोल्सवर्थ म्हटलं की ते कुंपण आठवतं.

नाहीतर नायजेल आठवतो. जेफ्री विलन्स या लेखकानं आणि रोनाल्ड सर्ल या चित्रकारानं १९५३ मध्ये एक शाळकरी पोरगा पुस्तकात आणला, नायजेल मोल्सवर्थ. शाळेचा कट्टर वैरी, आणि स्पेलिंग असं की वाक्यागणिक चुका. पोट धरून हसवणारं पुस्तक आहे. पण माझं हसू जरा तिरकं. सबंध इंग्लंडला ठाऊक असलेला मोल्सवर्थ एक शब्दही धड लिहू शकत नाही, आणि ज्यानं आमच्या साठ हजार शब्दांची जात, लिंग, कूळ लावून दिलं त्याचं नाव तिथे रस्त्यावरच्या माणसाला विचारलं तर कोणी सांगणार नाही. मला विचाराल तर त्या घराण्याची सगळ्यांत मोठी कमाई पेनकॅरोत नाही, डब्लिनलाही नाही. ती मुंबईत छापली गेली.

आडनावं मरतात. फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७० च्या दशकात त्याचं गणित मांडलं. पिढीमागून पिढी काही घरांत मुलगाच होत नाही, आणि आडनाव कुणाच्या लक्षात न येता संपतं. दुर्मीळ असेल तर लवकर. इंग्रजांकडे निदान दप्तर उरतं. आपल्याकडे ‘कर’ लावणाऱ्यांची गावं उजनीच्या, कोयनेच्या पाण्याखाली गेली, काहींची नावं बदलली, आणि घरात विचारलं तर उत्तर येतं, आपण मूळचे कोकणातले कुठले तरी.

दप्तर आपल्याकडेही आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. आडनाव आणि गाव सांगितलं की ते वही काढतात, आणि त्यात तुमच्या खापरपणजोबांनी स्वतः येऊन सांगितलेलं मूळ गाव बहुधा लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी नाशिकला गेलात तर तेवढं पाहून या, आणि उतरवून घ्या.