दुसरा गिअर

आमच्या घरी जीप होती असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक उमटते. ती जीप त्याने हमरस्त्याच्या चढावर पाहिली असती, तर ते कौतुक फार वेळ टिकले नसते.

जीप आमच्या अण्णांची. अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. निवृत्तीच्या थोडे आधी, १९९८ साली, त्यांनी ती सरकारी लिलावात घेतली. डिझेलचे इंजिन, अंगात जेमतेम ६० घोड्यांचे बळ, वर ताडपत्रीचे छत. जिथे बैलगाडीवाला कपाळाला हात लावील, अशा चिखलातून ती डुलत निघून जाई. पण डांबरी सडकेवर चढ लागला की तिच्या नाकी नऊ येत.

गोष्ट २०१९ च्या दिवाळीनंतरची. आई जाऊन वर्ष झाले होते. अण्णांनी पेणचे घर बंद करून पुण्याला आमच्याकडे राहायला यावे, असे आम्ही ठरवले. आम्ही म्हणजे मी आणि आमची सौ. अण्णांना तो ठराव नुसता वाचून दाखवला. त्यांनी एकच अट घातली, "जीप बरोबर येईल." मी हो म्हटले, आणि त्याच रात्री ओसरीवर जाऊन पुण्यातल्या एका हौशी गृहस्थाशी फोनवर तिचा सौदा ठरवून टाकला. आमच्या इमारतीत एका बिऱ्हाडाला एकच गाडी ठेवता येते, आणि ती जागा आमच्या छोट्या मोटारीने अडवलेली. अण्णांना पोचल्यावर सांगू, असा माझा धूर्त बेत होता.

सौ. आणि कन्या मोटारीने पुढे गेल्या. जीप मी चालवीत होतो. अण्णा शेजारी मांडीवर पाण्याचा कॅन घेऊन बसले होते. खोपोलीला १९१५ सालापासून टाटांचे वीजघर आहे. डोंगरावरचे पाणी नळांतून खाली कोसळते आणि त्यावर वीज तयार होते. पाणी बिचारे उतरत होते. आमचे ६० घोडे मात्र चढाला लागले होते.

चढ लागला तेव्हा गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. मागे मोटारींची रांग लागली, भोंगे वाजू लागले. आयुष्यभर वर्गात पोरांचा गलका सहन केलेला माणूस मी, पण त्या भोंग्यांनी माझा जीव अर्धा झाला. मी पाय दाबत गेलो. गाडी धापा टाकू लागली, उष्णतेचा काटा वर सरकू लागला. अखेर शिंगरोबाच्या देवळाशी तिने मान टाकली.

घाटाची वाट साहेबाला शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि बदल्यात त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका आहे. ड्रायव्हर मंडळी आजही तिथे हात जोडतात. मीही जोडले. सोबत आणलेल्या म्हाताऱ्याला फसवणाऱ्याने ते जोडावेत का, हा विचार मनात आलाच.

"अण्णा, चारही चाकांचा गिअर टाकू का?" गिअरच्या दांड्याशेजारच्या छोट्या दांड्यांकडे बोट करून मी विचारले.

"नको रे. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर जावं लागतं. चिखलात चाक घसरून तो फरक निभावतं. डांबर चाकाला घसरू देत नाही, मग सगळा ताण आतल्या दात्यांवर येतो. तिचं ते बळ सडकेसाठी नाही."

"मग गाडी ओढून नेणारा बोलवू?"

अण्णा इतकेच म्हणाले, "आधी तिला निवू दे."

रेडिएटरचे झाकण त्यांनी मला लगेच उघडू दिले नाही. वीस-पंचवीस मिनिटे आम्ही कठड्यावर बसलो. मग त्यांनी हळूहळू पाणी घातले आणि निघताना सांगितले, "गिअर चढ लागायच्या आधी उतरवायचा. तू गाडी दमल्यावर उतरवतोस. तिसऱ्यात इंजिन सावकाश फिरतं. मग पंखा आणि पाण्याचा पंपही सावकाश फिरतो, आणि ती तापते. दुसऱ्यात ठेव. आवाज होईल, पण ती तापणार नाही. आणि आरशात बघ, पण भोंग्यांना उत्तर देऊ नकोस."

मी दुसऱ्यात घातली. ताशी २० किलोमीटर. डाव्या कडेने मालाने भरलेले ट्रक त्याच गतीने चढत होते. आम्ही त्यांच्या रांगेत शिरलो, आणि आम्हांला कोणी हसेना. काटा जागेवर राहिला. हा गाडीरस्ता १८३० साली माल्कम गव्हर्नर असताना खुला झाला. तेव्हा बैलही याहून घाईने चढले नसतील. वर अमृतांजन पूल दिसला तेव्हा अण्णांनी त्याला ओळखीच्या माणसासारखी मान लववली. पुढच्याच एप्रिलमध्ये तो पाडण्यात आला.

लोणावळ्याला चहा घेताना मला राहवले नाही. म्हटले, "अण्णा, जीपचा मी सौदा केला आहे."

बशीतला चहा संपवून ते म्हणाले, "ठाऊक आहे. ओसरीवरचं बोलणं आतल्या खोलीत ऐकू येतं. घर बांधल्यापासून येतं."

"मग बोलला का नाहीत?"

"विकायची तर विकू. पण पुण्यात ती स्वतःच्या चाकांवर पोचायला हवी होती. दोरीने ओढत आणलेल्या गाडीला काय किंमत?"

ते गाडीबद्दलच बोलत होते का, हे मी विचारले नाही. पेणचे घर चार दिवसांत आवरा म्हणून मी त्यांच्यामागे लावलेला लकडा आठवला. आईची एकेक वस्तू हातात घेऊन खाली ठेवायला त्यांना महिना हवा होता. मी मागून भोंगा वाजवीत राहिलो होतो.

त्याच रात्री त्या गृहस्थांना नकार कळवला. मोटार वर्षभर रस्त्यावर उभी राहिली. सौ. कुरकुरली, पण सकाळी अण्णांबरोबर जीप पुसायला कन्या जाऊ लागली, तेव्हा तीही गप्प झाली. पेणला आम्ही पुन्हा गेलो आणि घर महिनाभर आवरले. १९२१ असो वा २०२१, बापाची वस्तू विकायचा अधिकार बापालाच, हे मला पटले. २०२१ साली अण्णांनीच आपण होऊन जीप एका तरुणाला दिली. पैसे मोजायला त्यांना पाच मिनिटे लागली. दुसरा गिअर कधी घालायचा हे समजावून सांगायला मात्र तास लागला. त्या तासात मी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही.