सुनामी आली तर मांजरा धरणात अडवू!

माणसाला काळजी करायला फार कारण लागत नाही. सबमिशन तोंडावर असावं आणि कुणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये हॉलिवूडचा पिक्चर असावा, की झालं! मागच्या सेमिस्टरला आमच्या रूमवर एकाच आठवड्यात तीनदा जग बुडालं.

पहिल्या रात्री 'शार्कनेडो'. २०१३ सालचा हा पिक्चर. त्यात वादळ समुद्रातले शार्क उचलतं आणि शहरावर भिरकावतं. पिक्चर संपला तेव्हा बाहेर वारं सुटलं होतं. माझा रूम पार्टनर एकदम गंभीर. म्हणाला, "लेका, एखादा आपल्या मेसवर पडला तर? मेस तर शुद्ध शाकाहारी आहे!"

दुसऱ्या रात्री १९९८ चा 'आर्मागेडन'. पृथ्वीवर अशनी आदळणार, म्हणून बोअर पाडणाऱ्यांना अवकाशात पाठवतात. हसू नका, आपल्या लोणारला आदळलेला आहे! सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर आजही तिथे आहे. बोअरवाल्यांची तर बीड जिल्ह्यात कमी नाही. पिक्चरमध्ये ८०० फूट खोल जायचं असतं. आमच्या शेतातला बोअर त्याहून खोल गेला, निघाला नुसता फुफाटा.

तिसऱ्या रात्री '२०१२'. २००९ साली आलेल्या या पिक्चरमध्ये सूर्याचे न्यूट्रिनो पृथ्वीचा गाभा तापवतात आणि समुद्र थेट हिमालयावर चढतो. खरं तर असे अब्जावधी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या नखातून आरपार जातात आणि काही म्हणता काही होत नाही. आमच्या डोक्यातून एम-थ्री जातं, अगदी तसंच!

लाट आली तशी पोरं ओरडली. माझ्या तोंडून मात्र निघालं, "केवढं पाणी लेका!" मग चर्चा रंगली. अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगरावर, समुद्र साडेतीनशे किलोमीटर लांब, मध्ये सह्याद्री आडवा. तरीही लाट आलीच तर मांजरा धरणात अडवायची, असा ठराव एकमताने पास झाला. पाणी खारट असेल, असं म्हणणाऱ्या सिव्हिलवाल्याला गप्प बसवण्यात आलं.

पहाटे तीनला धो-धो आवाजाने जाग आली. पाणी! छातीत धस्स झालं. गॅलरीत येऊन बघतो तर मोटार चालूच राहिलेली आणि गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. सुनामी आमच्याच गच्चीवरून येत होती. मी चपला न घालताच खाली पळालो.

पळता पळता २०१६ चा उन्हाळा आठवला. मी तेव्हा पाचवीत होतो. मांजरा धरण कोरडं पडलेलं. त्या धरणावर जगणाऱ्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या फेरीला पाच लाख लिटर. सगळ्या देशाने ती गाडी टीव्हीवर पाहिली. आमच्या गावाला टँकर यायचा. कधी यायचा नाही. एकदा माय रात्रभर रांगेत बसून रिकाम्या घागरी घेऊन परत आली. घरात होतं तेवढं पाणी आम्हा भावंडांना दिलं आणि म्हणाली, "मला नाही तहान." मला ते तेव्हा खरं वाटलं होतं.

'२०१२' मध्ये हे संकट सगळ्यात आधी ओळखणारा शास्त्रज्ञ भारतातलाच असतो. त्याला न्यायला विमान येणार असतं, पण येतच नाही. पोरं त्या सीनला चहा करायला उठली होती. मी एकटाच बसून होतो.

आपल्याकडच्या संकटाला पार्श्वसंगीत नसतं. ते एकेक घागर कमी होत येतं. आणि पाणी आलंच तर २०२५ च्या सप्टेंबरासारखं येतं, उभ्या पिकासकट रानातली माती घेऊन जातं. शेवटच्या पाच मिनिटांत वाचवायला कुणी हिरो येत नाही.

असो. मोटार बंद करून ओल्या पायांनी रूमवर आलो. पार्टनरने पांघरुणातून विचारलं, "कामून उठला रे? सुनामी आली का?"

"आली होती," मी म्हणालो, "बटन बंद केलं. झोप."