शब्द इंग्रजी, घर इटालियन

इंग्रजीतून इटालियनमध्ये भाषांतर करावयाचे म्हटले की पुष्कळांना वाटते, दोन्ही युरोपच्याच भाषा, लिपीही एकच. शब्दापुढे शब्द ठेवीत गेले की काम झाले! वाचकहो, मी हे काम कित्येक वर्षे करीत आहे. त्यातील खरी अडचण मराठी माणसाला जितक्या चटकन उमगते, तितकी ती इंग्रज मित्रांना समजावून सांगूनही उमगत नाही, असा माझा अनुभव आहे.

कारण पाहा. इंग्रजीत राजा असो वा रखवालदार, सर्वांना एकच ‘यू’. इटालियन माणूस मात्र घरच्यांना व मित्रांना ‘तू’ म्हणतो (हा ‘तू’ उच्चारानेही आपल्या ‘तू’चा सख्खा भाऊ शोभेल), आणि परक्याला किंवा वडीलधाऱ्याला ‘लेई’. मौज अशी की ‘लेई’चा मूळ अर्थ ‘ती’. म्हणजे एखाद्या मिशाळ सेनापतीशी आदराने बोलावयाचे, तरी क्रियापद ‘ती’चेच! मुसोलिनीच्या राजवटीला हे रुचले नाही. १९३८ मध्ये ‘लेई’ टाकून ‘व्होई’ म्हणण्याची सक्ती सुरू झाली. त्या धांदलीत ‘लेई’ नावाच्या एका स्त्रियांच्या नियतकालिकालाही नाव बदलून ‘अन्नाबेल्ला’ व्हावे लागले. वास्तविक तेथे त्या शब्दाचा अर्थ साधा ‘ती’ एवढाच होता. राजवट गेली आणि ‘लेई’ परत आपल्या जागी येऊन बसली.

इटलीत इंग्रजी चित्रपट बहुधा इटालियन संवाद चढवूनच दाखवितात. पडद्यावरील नायक-नायिका आरंभापासून अखेरपर्यंत ‘यू’च म्हणत असतात, पण कोणत्या वाक्याला ‘लेई’ संपली आणि ‘तू’ सुरू झाला, हे भाषांतरकाराला ठरवावे लागते. मूळ लेखकाने न लिहिलेली एक घटनाच त्याला लिहावी लागते, म्हणा ना! ‘अहो’चे ‘अरे’ झाले म्हणजे काय झाले, हे आपल्याला कोणी सांगावयास नको.

वाक्प्रचारांची मला फारशी धास्ती वाटत नाही. इंग्रजी पावसात कुत्री-मांजरे कोसळतात, इटालियन पाऊस घंगाळे उपडी करतो, आपला मुसळधार पडतो. भिजावयाचे ते सर्वांनाच. इंग्रजाला केक खावयाचाही असतो आणि शिल्लकही हवा असतो. इटालियनाला पिंप भरलेले हवे आणि बायकोही झिंगलेली! नव्या वस्तूंची नावे हा मात्र तेथे जुना वाद आहे. डिसेंबर १९४० च्या कायद्याने दुकानांच्या पाट्यांवर व जाहिरातींत परकी शब्द वापरण्यास बंदी झाली. पण ‘बार’ काही हटला नाही. उलट सँडविचसाठी कवी दान्नुन्त्सियो याने काढला असे मानतात तो ‘त्रामेद्झीनो’ शब्द लोकांच्या तोंडी बसला. आज संगणकाच्या ‘माऊस’ला फ्रेंच व स्पॅनिश लोक आपापल्या भाषेत उंदीर म्हणतात, इटालियन मात्र आपल्यासारखाच ‘माऊस’च म्हणतो.

भीती बाळगावी ती ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दांची. ‘लिब्रेरिया’ हे पुस्तकांचे दुकान, ग्रंथालय नव्हे. ‘पारेन्ती’ म्हणजे सगळे नातेवाईक, केवळ आईबाप नव्हेत. येथवर नुसती गंमत. परंतु एका शेजारच्या आजीबाईंच्या घरी अशाच एका शब्दाने काय केले ते सांगतो.

त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये. त्याच्या प्रकृतीविषयी तेथील डॉक्टरांचे इंग्रजी पत्र आले. त्यात ‘इव्हेंच्युअली’ शस्त्रक्रिया लागेल असे होते; म्हणजे आज ना उद्या ती अटळच. ओळखीच्या एका गृहस्थांनी त्या जागी ‘एव्हेन्तुआल्मेंते’ लिहून दिले. दिसावयास तोच शब्द. पण इटालियनमध्ये त्याचा अर्थ ‘कदाचित, पडलीच गरज तर’. आजीबाई त्या ‘कदाचित’वर दोन आठवडे सुखाने झोपल्या. पुढे तोच कागद एकवार पाहण्यासाठी त्यांनी माझ्या हाती दिला. मी तो शब्द खोडला आणि वर लिहिले, ‘प्रीमा ओ पोई’, आज ना उद्या. त्यांनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली आणि विचारले, “हा शब्द पक्का?” मी होय म्हणालो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विमानाचे तिकीट काढविले.

त्याच पाकिटात नातीची चिठ्ठी होती. मुलगी तिकडेच वाढलेली, म्हणून इंग्रजीत; शेवटी ‘लव्ह यू’. कोश उघडला तर ‘ती आमो’ सापडेल. पण ते प्रियकर-प्रेयसीचे बोलणे. आई, आजी, भावंडे, जिवलग मित्र यांना इटालियन माणूस म्हणतो, ‘ती व्होल्यो बेने’. अक्षरशः पाहिले तर, ‘तुझे भले व्हावे असे मला वाटते’. मी तेच लिहिले.

आजीबाईंना उत्तर इंग्रजीतच पाठवावयाचे होते. त्यांनी विचारले, “आता याला इंग्रजीत काय म्हणतात?”

“लव्ह.”

“आणि त्या दुसऱ्याला?”

“त्यालाही लव्हच.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग सगळे पत्र माझ्याकडून इंग्रजीत लिहवून घेतले आणि अखेरची ओळ मात्र स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये लिहिली.