दुरुस्तीनंतर बिघडलेली गाडी

कारकुनी करणाऱ्या माणसाने इंजिनाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या वस्तीत टॅक्सीवर घर चालवणारी माणसे पुष्कळ होती. गाडी उभी राहिली की घरात काय होते, ते आम्ही जवळून पाहिले आहे. आणि गाडीच्या बिघाडाइतकेच नुकसान न विचारण्याच्या सवयीने होते, हेही पाहिले आहे.

२०१२ सालची गोष्ट. आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, प्रीमियर पद्मिनी टॅक्सी चालवीत. मूळची ही फियाट ११०० जातीची गाडी. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलेंडरचे, साधे आणि चिवट. इंजिनाच्या तोंडाशी खळखळ ऐकू येऊ लागली म्हणून दाजींनी टायमिंग चेन बदलून घेतली. दोन दिवसांनी गाडी हातात आली. खळखळ गेली होती, पण गाडीचा जीवही गेला होता. सेल्फ फार वेळ मारावा लागे. चार पॅसेंजर घेऊन पुलाचा चढ चढेना. उष्णतेचा काटा वर जाई आणि मधूनच सायलेन्सरमध्ये फटाके वाजत.

मिस्त्री म्हणाला, "इंजिन बसलंय. रिंगा गेल्यात. बोअर करावं लागेल." खर्च वीस हजार सांगितला. ताईने मोठ्या मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे काढायची तयारी केली.

आम्ही दाजींना विचारले, "निळा धूर येतो का? ऑइल कमी होतं का?"

"नाही."

"मग सोमवारपर्यंत चांगल्या असलेल्या रिंगा बुधवारी एकदम कशा गेल्या?"

दाजी म्हणाले, "तो मिस्त्री आहे. आपण काय बोलणार?"

आम्ही हिशेबाची माणसे. काल जुळणारा ताळेबंद आज जुळत नसेल, तर आधी आजच्या नोंदी तपासायच्या. सगळी वही फाडायची नाही. गाडीलाही हाच नियम लागू आहे. शेजारी एस.टी. डेपोतून निवृत्त झालेले एक काका राहत. त्यांना बोलावले आणि कागद-पेन घेऊन बसलो.

काकांनी सोपे करून सांगितले. इंजिनात दोन वेळा सांभाळाव्या लागतात. व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे ही एक वेळ. ती चेन राखते. प्लगने ठिणगी कधी टाकायची ही दुसरी. ती डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, राखतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, म्हणून कॅमच्या चक्राला दुप्पट दाते असतात. दोन्ही चक्रांवर खुणा असतात. चेन चढवताना त्या जुळल्याच पाहिजेत. एक दात चुकला तरी गाडी चालू होते, आणि चालू होते म्हणूनच तिकडे कोणी संशयाने पाहत नाही.

मग एकेक तपासणी झाली, आधी बिनखर्चाची. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने होत्या. पॉइंटची फट बरोबर होती. डेल्कोचा नट सैल करून तो जरासा फिरवला, तेव्हा गाडी थोडी सुधारली, पण ओढ आली नाही. काका म्हणाले, "ठिणगीची वेळ डेल्कोने सावरता येते. व्हॉल्व्हची येत नाही."

शेवटी टॅपेटचे झाकण काढले. पहिला पिस्टन दाबाच्या फेऱ्यात अगदी वर आणला. अशा वेळी चौथ्या सिलेंडरचा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आलेला आणि इनलेट उघडू लागलेला असावा लागतो. इथे एग्झॉस्ट बराच उघडा होता आणि इनलेट हललाही नव्हता. म्हणजे कॅम मागे राहिला होता.

हे सगळे कागदावर लिहून दाजी त्याच मिस्त्रीकडे गेले. भांडण केले नाही. म्हणाले, "बोअर करायच्या आधी पुढचं कव्हर उघडून खुणा दाखवा." कव्हर उघडले. एक दात चुकलेला होता. चेन पुन्हा बसवली, ठिणगीची वेळ लावली, आणि संध्याकाळी गाडी पूल चढली. मिस्त्रीने मजुरी घेतली नाही. फीचे पैसे डब्यातच राहिले.

पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पण जुन्या गाड्या अजून अनेकांच्या दारात आहेत. त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फक्त हेड उतरवले असेल तर या जातीच्या इंजिनात चेनला हात लागत नाही. तेव्हा आधी टॅपेट आणि वायरी पाहाव्यात. गाडी मुळीच चालू न होता कार्बोरेटरमधून भडका येत असेल, तर डेल्को अर्धा फेरा उलटा बसला आहे का ते पाहावे. कारण पहिला पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा दाब देताना आणि एकदा धूर बाहेर टाकताना. ठिणगी फार लवकर पडली तर सेल्फ मारताना उलटा झटका बसतो आणि चढावर इंजिन ठोकते. उशिरा पडली तर गाडी तापते आणि ओढत नाही.

गाडी गॅरेजात देताना ती कशी चालत होती ते लिहून ठेवा. परत घेताना काय काय उघडले ते विचारा आणि जुने सामान मागून घ्या. मिस्त्रीच्या हातातील कसबाचा मान राखावा, पण पैसा आपल्या घामाचा आहे. म्हणून मोठ्या खर्चाला होकार देण्याआधी कारण विचारावे, आणि ते पटेपर्यंत विचारत राहावे.